अस्थी न्यायला आलेले खासदार

बंगळुरूला मी आजवर दहा-बारा वेळा गेले असेन, आणि दर वेळी कारखान्यातच. दुभाष्याच्या नशिबी शहर येत नाही. विमानतळ ते कारखाना आणि कारखाना ते विमानतळ, एवढंच येतं. जपानी साहेब यंत्राकडे बोट दाखवणार, इकडचे इंजिनिअर माना डोलावणार, आणि मध्ये मी, पुण्याची पंचावन्न वर्षांची बाई, डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून दोघांचं बोलणं एकमेकांना पोचवणार. तीस वर्षं हेच केलं. त्यामुळे ओसाकाहून जुन्या ओळखीच्या बाईंचा फोन आला आणि एका माजी खासदारांना बंगळुरूत तीन दिवस सोबत हवी आहे असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी सवयीने विचारलं, "कुठला कारखाना?"

"कारखाना नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना मुलाच्या अस्थी न्यायच्या आहेत."

मी हो म्हटलं. असल्या कामाचा मला काडीचाही अनुभव नव्हता, पण नाही म्हणायला जीभ उचलली नाही.

पहिला दिवस: हेब्बाळ

माजी खासदार मिझुनुमा सान (सान म्हणजे आपलं 'राव') विमानतळाच्या दारातून बाहेर आले ते काळ्या सुटात. भर उन्हाळा, दुपारचे दोन वाजलेले. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगाने किरकोळ, केस नीट विंचरलेले. छातीशी दोन्ही हातांनी धरलेला एक चौकोनी खोका, पांढऱ्या कापडात बांधलेला. मी तो ट्रॉलीवर ठेवायला हात पुढे केला, तर ते एक पाऊल मागे सरले.

"रिकामाच आहे," ते म्हणाले. "पण हातातच बरा."

जपानमध्ये दहनानंतर घरचे लोक हाडं वेचून एका पात्रात ठेवतात, ते पात्र असल्या खोक्यातून घरी येतं आणि एकोणपन्नासाव्या दिवशी किंवा पुढे सवडीने कुटुंबाच्या थडग्यात जातं. हे मला ठाऊक होतं. हॉटेलवाल्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्या कानावर फक्त एवढंच गेलं होतं की परदेशातले माजी खासदार येताहेत. तेव्हा हॉटेलच्या दारात एक मुलगी तबक घेऊन उभी, एक मॅनेजर हार घेऊन उभा, आणि मी "अहो, थांबा थांबा" म्हणेपर्यंत मिझुनुमा सानांच्या डोक्यावर जरीची म्हैसुरी पगडी बसलीसुद्धा. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी मात्र खोका काखेत सावरला, कॅमेऱ्याकडे बघून मोजकं हसले, कमरेतून वाकून आभार मानले आणि लिफ्टचं दार मिटल्यावरच पगडी काढली.

"चार निवडणुका जिंकलो मी," ते म्हणाले. "डोक्यावर काय काय घातलंय लोकांनी."

हॉटेल हेब्बाळच्या तळ्यालगतचं. खिडकीतून तळं दिसत होतं, त्यात जाड चोचींचे पेलिकन निवांत तरंगत होते आणि पलीकडे उड्डाणपुलावर गाड्यांची रांग तितकीच निवांत उभी होती. पुण्यात मी वाहतुकीला शिव्या घालते, पण इथे येऊन मला माझं शहर एकदम मोकळं वाटायला लागतं. आम्ही चहा मागवला. त्यांनी खोका शेजारच्या खुर्चीवर ठेवला, टेबलावर नाही, आणि मग स्वतःहून बोलायला लागले.

ते एका डोंगराळ जिल्ह्यातल्या पोस्टमास्तरांचे चिरंजीव. आधी जिल्ह्याच्या सभेत, मग तोक्योला संसदेच्या कनिष्ठ सभागृहात. मंत्री कधी झाले नाहीत. भाषणं बेताचीच. मी विचारलं, मग लोक निवडून कशासाठी देत होते?

"अंत्यविधींसाठी," ते म्हणाले.

मला वाटलं, माझी जपानी आज दगा देतेय. पण त्यांनी तेच म्हटलं होतं. मतदारसंघात रोज कोणी ना कोणी जातं. सेक्रेटरी सकाळी यादी आणून देणार. गाडीच्या कप्प्यात काळा टाय आणि जपमाळ कायमची. खासदाराने स्वतः येऊन वाकून नमस्कार केला की ते घर पुढची वीस वर्षं विसरत नाही. एका दिवसात पाच-पाच ठिकाणी जायचे. कोणाची आजी कशाने गेली, कोणत्या म्हाताऱ्याला कोणतं फूल आवडायचं, हे सगळं पाठ. विधेयकं बाकीचे सांभाळत, हे मयत सांभाळत.

"आणि हारुओच्या वेळी मी आलो नाही," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

हारुओ हा त्यांचा एकुलता एक मुलगा. बंगळुरूत एका जपानी कंपनीत इंजिनिअर होता, एका घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी झोपेतच गेला, एकेचाळिसाव्या वर्षी. तेव्हा तिकडे निवडणुकीचा प्रचार सुरू होता. त्यांच्याकडे प्रचार बाराच दिवसांचा असतो, त्यातला एक दिवस गेला तरी सीट जाते म्हणतात. बायको आजारी, तिला विमान झेपणारं नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही जा. हे म्हणाले, मतदान झालं की जातो. मतदान झालं, सीट गेली ती गेलीच, आणि त्यानंतर लाजेने, मग बायकोच्या दुखण्याने, जाणं राहूनच गेलं. अस्थी तिकडे देवळात सुखरूप आहेत, तू बरी झालीस की दोघं मिळून आणू, असं ते तिला सांगत राहिले. कोणी त्यांना तसं कळवलं नव्हतं. ते आपलं धरून चालले होते.

बायको गेल्या महिन्यात गेली. तिचं पात्र घरी ठेवलं होतं. एकोणपन्नासावा दिवस जवळ आला होता, आणि मुलाला तिच्या शेजारी ठेवीन असा शब्द त्यांनी तिला शेवटी दिला होता.

दुसरा दिवस: बसवनगुडी

बसवनगुडीतलं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. नाक्यावर मोगऱ्याचे ढीग, कॉफीच्या दळपाचा वास, दारापुढे रांगोळ्या. मी कानडीची तयारी मनातल्या मनात करत होते, तोच दारातून आवाज आला, "या हो, आत या. स्वल्प वाकून या, चौकट बुटकी आहे."

मी चक्रावलेच. घरमालक मराठी निघाले. चार शतकांपूर्वी त्यांचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. गल्लीतले सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला अक्का. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याला पट्टा, कपाळाला गंध. त्यांची मराठी ऐकताना मला कुणीतरी जुना पेटारा उघडल्यागत वाटत होतं. मध्येच कानडी शब्द ठणकन आदळायचा.

मिझुनुमा सानांनी बूट काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवली आणि चटईवर गुडघे मुडपून बसले. अक्का बघतच राहिल्या. "अय्यो, हे तर आमच्या हरीसारखंच बसतात की."

हारुओचा त्यांनी हरी केला होता. हरी पाच वर्षं त्यांच्याकडे राहिला. ऑफिस मारतहळ्ळीच्या पलीकडे, यायला-जायला रोज तीन तास, पण त्याने घर बदललं नाही. "पहिल्या वर्षी काय झालं ठाऊक आहे?" अक्का मला सांगायला लागल्या. "आमचं बोलणं ऐकून ऐकून शिकला आणि ऑफिसात जाऊन बोलायला लागला. त्याला वाटलं, हेच कानडी! सहा महिने कोणाला काय कळेना. एक नागपूरची मुलगी होती तिथं, ती म्हणाली, अरे, तू तर मराठी बोलतोस." अक्का हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. मी हे जपानीत सांगितलं तर मिझुनुमा सानही हसले. मुलाला मराठी येत होती, हे त्यांना आताच कळत होतं.

मग मी रीतसर ओळख करून दिली. कंपनीने अण्णांना एवढंच कळवलं होतं की हरीच्या घरचं माणूस येतंय. मी म्हटलं, "हे हरीचे वडील."

अक्कांचा चेहरा उतरला. "वडील? पण हरीनं तर सांगितलं होतं, अप्पा नाहीत म्हणून. कधीच गेले म्हणाला होता."

"काय म्हणाल्या त्या?" मिझुनुमा सानांनी विचारलं.

"मुलगा तुमच्यासारखाच दिसायचा म्हणाल्या," मी म्हटलं. तीस वर्षांत मी जाणूनबुजून केलेलं हे पहिलं खोटं भाषांतर. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

मिझुनुमा सानांनी खोका पुढे घेतला, कापडाची गाठ सोडली आणि आतलं पांढरं पात्र चटईवर ठेवलं. दोन्ही हात जमिनीला टेकून खाली वाकले. दोन वर्षं मुलाच्या अस्थी सांभाळल्याबद्दल आभार मानले आणि आता त्याला घेऊन जायची परवानगी मागितली. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"अस्थी?" अण्णा म्हणाले. "त्या तर सोडल्या की. कावेरीत. तिसऱ्या दिवशीच श्रीरंगपट्टणाला संगमावर नेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या!" ते आश्वासन दिल्यासारखं म्हणाले. "एक कण मागं ठेवला नाही. ठेवून चालतं का? जीव अडकतो माणसाचा. परक्या मुलखात आलेलं पोर ते. म्हटलं, त्याचं काही अडकून राहायला नको."

 माझ्या उजव्या हाताला ज्यांनी माया म्हणून सगळं नदीत सोडलं ते, डाव्या हाताला ज्यांना त्यातलं एखादं हाड मिळालं असतं तरी पुरलं असतं ते. दोघांचंही बरोबर होतं. मला त्या क्षणी कारखान्यातलं ते पिवळं हेल्मेट हवंसं वाटलं. शेवटी सांगितलं, कारण न सांगून चालणार नव्हतं.

मिझुनुमा सानांनी पात्र स्वतःकडे ओढून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "असं करायला कोणी सांगितलं, विचाराल?"

अण्णा गडबडले. "आम्ही विचारलं होतं हो. हरीच्या ऑफिसनं तिकडं फोन लावला. तिकडनं निरोप आला, तुमच्याकडची जी रीत असेल तशी करा. मग आमची रीत केली."

हे मी सांगितलं आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, निरोप देणारे तेच.

"प्रचाराच्या गाडीत होतो," ते म्हणाले. "एका हातात माईक होता. सेक्रेटरीने फोन पुढे केला, अस्थींचं काय करायचं विचारताहेत म्हणाला. मी म्हटलं, तिथली जशी पद्धत असेल तसं. मला वाटलं, म्हणजे नीट ठेवतील." थांबून ते म्हणाले, "तेवढं बोलून मी परत माईकवर आलो."

अक्का उठून आत गेल्या. आत भांड्याचा आवाज झाला आणि मग काहीच झाला नाही.

मिझुनुमा सानांनी आणखी एकच प्रश्न विचारला. अस्थी वेचल्या कोणी, आणि कुठून सुरुवात केली?

मला तो प्रश्न कळला, कारण जपानी रीत मला माहीत होती. तिकडे दोघं जण मिळून लांब काड्यांनी एकेक हाड उचलतात. पायापासून सुरुवात करून डोक्यापर्यंत जातात, म्हणजे माणूस पात्रात उलटा होत नाही. त्यांनी जन्मभर शेकडो घरांत ते पाहिलं होतं.

"मीच वेचल्या," अण्णा म्हणाले. "पायाकडनं सुरू केलं. डोकं शेवटी." आणि अंगठा व करंगळीशेजारचं बोट जुळवून त्यांनी चटईवर दाखवलं, कसं उचललं, कसं आवाज न करता मडक्यात ठेवलं.

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. मिझुनुमा सान अण्णांच्या त्या दोन बोटांकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलायला लागले. एवढा शिस्तीचा माणूस, त्यांना आवाज आवरेना. मीही रडले, सांगायला लाज कसली.

जेवायला अक्कांनी मऊ भात, वर तूप आणि मेतकूट वाढलं. बंगळुरूत मेतकूट! "पुण्यात काय तुम्हीच खाता काय?" अक्का नाक लाल झालेलं असतानाही मला टोमणा मारायला चुकल्या नाहीत. हरी आजारी पडला की हेच मागायचा म्हणे. मिझुनुमा सानांनी पानातलं शीतही टाकलं नाही. कॉफीच्या पेल्याने बोट भाजून घेतलं तेवढंच. हरीची खोली बघता येईल का, असं त्यांनी विचारलं. पण वर आता एक नवीन जोडपं राहत होतं आणि ते कामावर गेलेलं. मिझुनुमा सानांनी जिन्याच्या कठड्यावर जरा हात ठेवला आणि काढून घेतला.

निघताना अण्णा म्हणाले, "उद्या चला. जागा तरी दाखवतो."

तिसरा दिवस: श्रीरंगपट्टण

पहाटे निघालो. म्हैसूरचा रस्ता आता इतका गुळगुळीत झालाय की वाटेत इडली खायला उतरलो नसतो तर प्रवास झालाय हे कळलंही नसतं. अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी, गुडघा चोळत. मिझुनुमा सान मागे, मांडीवर खोका. तो का बरोबर घेतला, मी विचारलं नाही.

"हरीची आई?" अण्णांनी मागे न वळता विचारलं.

"गेल्या महिन्यात गेल्या," मी म्हटलं.

"अय्यो." मग थोड्या वेळाने, "नाव काय होतं त्यांचं?"

"साचिको," मिझुनुमा सानांनी सांगितलं.

अण्णांनी ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं.

संगमावर पाणी कमी होतं. खडक उघडे पडलेले, गोल नावा काठाला पालथ्या. एक एजंट हिंदीत "फुल पूजा, फास्ट पूजा" करत मागे लागला, त्याला अण्णांनी कानडीत असं काही सुनावलं की तो थेट दुसऱ्या कुटुंबाकडे वळला. अण्णांनी पंचा नेसला, पिशवीतून काळे तीळ आणि दर्भ काढले आणि माझ्या खांद्याचा आधार घेत पायऱ्या उतरले. मिझुनुमा सानांनी बूट-मोजे काढले, सुटाची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्यांच्यामागे पाण्यात उतरले.

"इथंच," अण्णांनी एका खडकाशेजारी हात दाखवला. "इथं सोडल्या."

पाणी स्वच्छ होतं. तळाचे गोटे दिसत होते. मिझुनुमा सान खाली वाकले आणि बघत राहिले, दोन वर्षांनंतरही तिथे काही सापडेल असं. मला ते बघवेना.

"दर वर्षी तिथीला मी पाणी सोडतो हरीला," अण्णा मला म्हणाले. "आज त्याच्या आईलाही सोडतो. आई त्याच्याकडं येऊ दे. तिकडं मुलगा नाही गेला, तर नाही गेला. यांना विचारा, सरी ना? चालेल ना?"

मी विचारलं. मिझुनुमा सानांनी पाण्यातच हात अंगाशी सरळ धरले आणि वाकले. सरळ झाले तेव्हा म्हणाले, "मीही उभा राहतो. माझंही नाव घ्यायला सांगा. तिघं एकदम."

आता मी अडकले. अण्णांना सांगितलं. त्यांनी ओंजळीतले तीळ तसेच धरून ठेवले.

"आता तुम्ही खरं सांगा यांना," ते मला म्हणाले. "काल नाही सांगितलंत, मला कळलं. हरी म्हणाला होता, वडील गेले. म्हणून दोन वर्षं मी बापलेकाला बरोबरच पाणी सोडत आलो. बापाचं नाव ठाऊक नव्हतं, नुसतं हरीचे वडील म्हणून सोडलं. आता हे समोर उभे आहेत. जित्या माणसाला पाणी सोडत नाहीत हो. यांचं आता नाही करता येणार."

मी सांगितलं. काही गाळलं नाही.

मिझुनुमा सानांनी विचारलं, "दोन वर्षं?"

"हो."

"म्हणजे मी आलो नसतो तर..." एवढं म्हणून ते थांबले. रागावले नाहीत.  मागे वळून पाण्याबाहेर आले, पायरीवर उभे राहिले आणि कोटाची बटणं लावली.

अण्णांनी पाणी सोडलं. 'हारुओ' म्हणाले, 'साचिको' म्हणाले, दोन्ही नावं अगदी स्पष्ट. तीळ पाण्यावर पसरले आणि खडकाला वळसा घालून गेले. आई मुलाकडे पोचली असेल तर त्या वेळी पोचली, असं मी धरते. नवरा आणि बाप तिथेच पायरीवर होता, पाण्यापासून दोन हातांवर.

बाहेर आल्यावर अण्णांना वाईट वाटलं असावं. पंचा पिळता पिळता ते म्हणाले, "यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. यांची वेळ येईल तेव्हा घरच्यांना मला कळवायला सांगा. मी असलो तर मी सोडेन, नसलो तर माझी मुलगी सोडेल. इथंच सोडू."

मी सांगितलं. मिझुनुमा सान अण्णांपुढे इतके खाली वाकले आणि इतका वेळ वाकून राहिले की अण्णाच ओशाळून त्यांना उठवायला लागले. गाडीकडे चालताना ते माझ्याजवळ आले.

"घरी आता कळवायला कोणी नाही," ते म्हणाले. "त्यांना तसं सांगू नका. तुम्ही मला महिन्यातून एकदा फोन कराल का? उचलला नाही, तर तुम्हीच कळवा."

मी त्यांना दुसऱ्या दिवशी विमानात बसवून दिलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फोन लावते. फार बोलणं होत नाही. तिकडे रिसीव्हर उचलला जातो, आणि मी काही विचारायच्या आतच मिझुनुमा सान म्हणतात, "माफ करा, अजून आहे."